पैसे शंभर, जागा पाच

हातात १०० एकक पैसे आहेत असं धरू. एका एककात किती शून्यं, ते सध्या महत्त्वाचं नाही. एकाच पाणलोटात पाच जागा आहेत, पाचही बिघडलेल्या, आणि पाचही सावरायला हे पैसे पुरणार नाहीत. जाणकारांनी प्रत्येक जागेला गुण दिलेत (जागा पुरती सावरली तर किती फायदा), काम यशस्वी होण्याची शक्यता सांगितली आहे आणि खर्च काढून दिला आहे.

अ: वाळू उपसून उघडा पडलेला नदीकाठ. गुण ९०, शक्यता ०.५, खर्च ९०.
आ: जंगलाला लागून असलेलं, पडीक सोडलेलं शेत. गुण ४०, शक्यता ०.९, खर्च २०.
इ: चर खणून कोरडी पाडलेली पाणथळ. गुण ५०, शक्यता ०.८, खर्च ४०.
ई: माती धुपून गेलेला उतार. गुण ३०, शक्यता ०.७, खर्च ३०.
उ: दोन झाडोऱ्यांमधली चिंचोळी पट्टी. गुण २४, शक्यता ०.७५, खर्च ३०.

बैठकीत पहिला कौल बहुधा ‘अ’ला मिळतो. गुण सर्वांत जास्त, नुकसान डोळ्यांत भरणारं, आणि फोटोही चांगला येतो. ‘अ’ घेतली की ९० संपतात, उरलेल्या १० मध्ये दुसरं काही बसत नाही. अपेक्षित लाभ ९० गुणिले ०.५, म्हणजे ४५. दुसरा गट म्हणतो, स्वस्तातल्या जागा उरकू: आ, ई, उ. खर्च ८०, लाभ ३६ अधिक २१ अधिक १८, म्हणजे ७५. तिसरा कोणी अपेक्षित लाभाला खर्चाने भागतो. आ १.८, इ १.०, ई ०.७, उ ०.६, अ ०.५. वरून खाली घेत गेलं तर आ, इ आणि ई मिळून ९० खर्च होतात आणि लाभ ९७ येतो. ४५ वरून ९७, पैसे तेवढेच.

इथेच थांबलं तर मात्र फसगत होते. ‘आ’ हे शेत जंगलाला लागून आहे. तिथे बिया वाऱ्याने आणि पक्ष्यांनी येणारच आहेत. कोणी काही केलं नाही तरी त्या ४० पैकी ३० गुण येत्या काही वर्षांत आपोआप मिळणार असतील, तर आपल्या पैशामुळे मिळणारे गुण फक्त १० आणि अपेक्षित लाभ ९. भागाकार १.८ वरून ०.४५ वर येतो आणि यादीत पहिली असलेली जागा शेवटी जाते. म्हणजे आ-इ-ई या निवडीचा कागदावरचा लाभ ९७ असला तरी खरा लाभ ७०. त्याऐवजी इ, ई, उ घेतल्या तर पूर्ण १०० खर्च होतात आणि लाभ ७९. स्वस्ताईवाल्यांचे ७५ सुद्धा असेच ४८ वर घसरतात.

परिसंस्था सावरण्याच्या निर्णयात अर्थशास्त्राचा खरा उपयोग एवढाच आणि इतका मोठा आहे: पुढचा रुपया, डॉलर, जे काही असेल ते कुठे टाकलं तर जास्तीचं किती हाती लागेल. निसर्गाची एकूण किंमत किती, हा प्रश्न वेगळा आहे आणि निर्णयाच्या टेबलावर तो जवळपास निरुपयोगी आहे. १९९७ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात जगातल्या सगळ्या परिसंस्था-सेवांची (निसर्गाकडून माणसाला मिळणाऱ्या फायद्यांची) किंमत वर्षाला सरासरी ३३ लाख कोटी डॉलर अशी मांडली गेली. आकडा गाजला, लोकांचं लक्ष वेधलं गेलं, तेवढं त्याचं काम झालं. पण सगळ्या परिसंस्था एकदम विकत घेणारा किंवा विकणारा कोणीच नसतो. आपल्यासमोर असतो तो हा उतार की ती पाणथळ, एवढाच सवाल.

वरचं सूत्र काही नवं नाही. धोक्यातल्या प्रजातींवरचे प्रकल्प कोणत्या क्रमाने घ्यायचे यासाठी न्यूझीलंडमध्ये जी पद्धत वापरली गेली, आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झाली, तीही अशीच आहे: लाभ गुणिले यशाची शक्यता गुणिले त्या प्रजातीचं महत्त्व, भागिले खर्च. चार आकडे. अडचण भागाकारात नाही, ते चार आकडे प्रामाणिकपणे भरण्यात आहे.

काहीच केलं नाही तर?

सर्वांत जास्त चुका या प्रश्नात होतात, कारण याचं उत्तर कधीच डोळ्यांना दिसत नाही. काम करून पाच वर्षांनी जागा हिरवी झाली की श्रेय कामाचं. शेजारची जागा काम न करताही तितकीच हिरवी झाली का, हे पाहायला कोणी जात नाही.

२०१७ च्या एका मोठ्या तुलनेत उष्ण कटिबंधातली जंगलं लागवडीपेक्षा नैसर्गिक रीतीने परत येऊ दिली तर जास्त चांगली सावरतात, असं दिसलं. लागवड बंद करून कुंपण घालून बसा, असा अर्थ काहींनी काढला. वर्षभरातच त्यावर रास्त आक्षेप आला: ज्या जागी जंगल आपोआप परत आलं, अशाच जागा नैसर्गिक गटात मोजल्या गेल्या होत्या. लागवड मुळात केली जाते ती जिथे आपोआप काही येत नाही तिथे. दोन्ही गट सारखे नव्हतेच. दोन्ही बाजू वाचल्यावर जे उरतं ते कामाचं आहे: आधी जागा बघा, मग पद्धत ठरवा.

जागा बघणं म्हणजे नुसतं फिरून येणं नव्हे. दहा मीटर बाय दहा मीटरचे चौकोन आखून त्यात आपोआप उगवलेली रोपं जातवार मोजायची. जवळचं बी देणारं झाड किती मीटरवर आहे ते मोजायचं. गुरं किती चरतात, आग दर किती वर्षांनी लागते, माती तुडवून दगड झाली आहे का, हे टिपायचं. रोपं भरपूर आहेत पण गुडघ्यावर जात नाहीत असं दिसलं, तर अडचण बियांची नाही, चराईची किंवा आगीची आहे. तिथे लागवडीवर खर्च करणं म्हणजे गळक्या हंड्यात पाणी भरणं. कुंपण आणि जाळपट्टा (आग पसरू नये म्हणून मोकळा ठेवलेला पट्टा) यांचा खर्च लागवडीच्या तुलनेत सहसा बराच कमी असतो.

हीच गफलत मोबदल्याच्या योजनांत वेगळ्या रूपात येते. जमीन पाच वर्षं पडीक ठेवाल तर पैसे देऊ, असं जाहीर केलं की सर्वांत आधी आणि सर्वांत कमी दरात कोण पुढे येतं? ज्याची जमीन तशीही पडीकच राहणार होती तो. योजना स्वस्तात पार पडते, हेक्टरांचा आकडा फुगतो आणि जमिनीवर काही बदलत नाही.

खर्चाचा आकडा कुठे चुकतो

अंदाजपत्रकात पहिल्या वर्षाचा खर्च असतो. खड्डे, रोपं, वाहतूक, मजुरी, कुंपण. त्याला १०० धरू. आता पुढचं जोडू. पहिली तीन वर्षं दरवर्षी २५, तण काढणं, पाणी आणि आळी करणं. चौथ्या-पाचव्या वर्षी १०-१०, राखण आणि कुंपणाची डागडुजी. दुसऱ्या वर्षी नांग्या भरायला, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावायला, २०. मोजणी आणि नोंदी दहा वर्षं, दर वर्षी ३. हे सगळं ४ टक्के वटाव दराने (पुढच्या वर्षांचे पैसे आज किती कमी मोलाचे धरायचे तो वार्षिक दर) आजच्या किमतीत आणलं तर १०० अधिक ६९.४ अधिक १६.८ अधिक १८.५ अधिक २४.३, म्हणजे २२९. मंजूर झाले १००. उरलेले १२९ कुठून येणार हे कोणी विचारलं नाही, तर ते येत नाहीत, आणि तिसऱ्या उन्हाळ्यात रोपं जातात.

यात अजून संधी खर्च धरलेला नाही, म्हणजे ती जमीन दुसऱ्या कामाला लावली असती तर मिळालं असतं ते उत्पन्न. बऱ्याच ठिकाणी लागवडीपेक्षा हाच खर्च मोठा असतो, आणि जागेगणिक सर्वांत जास्त बदलणाराही हाच. म्हणूनच कुठे काम करायचं हे ठरवताना फक्त पर्यावरणीय गुणांचा नकाशा पुरत नाही. जमिनीच्या उत्पन्नाचा नकाशा त्यावर ठेवल्यावरच स्वस्तात जास्त देणारे कोपरे दिसू लागतात.

ज्यांच्या नावावर उतारा नाही त्यांचा संधी खर्च कागदावर शून्य दिसतो. सामाईक जमिनीवर गुरं चारणारे, सरपण नेणारे, मासे धरणारे. त्यांचं नुकसान हिशेबात धरलं नाही म्हणून ते नाहीसं होत नाही. ते कुंपण तुटण्याच्या रूपाने, रात्री आत सोडलेल्या गुरांच्या रूपाने परत येतं आणि यशाच्या शक्यतेच्या रकान्यात वसूल होतं. आधी मोजलेलं बरं.

दुसरी खोड म्हणजे प्रति रोप किंवा प्रति हेक्टर लागवडीचा दर मोजणं. हेक्टरी १००० रोपं, दर रोपाला ३ एकक, आणि तीन वर्षांनी ४० टक्के जगली, तर जगलेलं रोप ७.५ ला पडलं. दुसरा कंत्राटदार दर रोपाला ५ मागतो, पण रोपं मोठी, मुळं नीट वाढलेली आणि दोन वर्षांची राखण धरून ८५ टक्के जगवतो. त्याचं जगलेलं रोप ५.९ ला पडतं. निविदा मात्र पहिल्यालाच मिळते, कारण तुलना ३ आणि ५ ची होते. हे टाळायचं असेल तर बिलाचा मोठा हिस्सा तिसऱ्या वर्षीच्या मोजणीला बांधायचा. मात्र दुष्काळाचा धोका सगळा कंत्राटदाराच्या माथी मारला तर तो दरात तो भरून काढणार, हेही लक्षात ठेवायचं.

हे किती दूर जाऊ शकतं ते श्रीलंकेत दिसलं. २००४ च्या त्सुनामीनंतर तिथे खारफुटीची प्रचंड लागवड झाली. पुढे २३ प्रकल्पस्थळांची पाहणी झाली तेव्हा सुमारे १००० ते १२०० हेक्टरांपैकी २०० ते २२० हेक्टरच तग धरून होते आणि ९ ठिकाणी एकही रोप उरलं नव्हतं. म्हणजे जगलेल्या हेक्टरचा दर लावलेल्या हेक्टरच्या पाचपट. कारणं साधी होती: चुकीची जागा, त्या जागेला न मानवणारी जात, आणि लावल्यावर कोणी फिरकलं नाही. खारफुटीच्या रोपाला भरती-ओहोटीची पातळी काही सेंटिमीटरनी चुकलेलीही भोवते. बांध फोडून पाण्याची ये-जा पूर्ववत केली की बऱ्याच ठिकाणी लागवड करावीच लागत नाही, पण बांध फोडल्याचा फोटो रोप लावल्याच्या फोटोइतका खपत नाही.

राखणीचा मुद्दा सर्वांत कडक शिकवला तो परक्या आक्रमक झाडांनी. दक्षिण आफ्रिकेत १९९५ पासून ‘वर्किंग फॉर वॉटर’ हा कार्यक्रम पाणलोटांतली वॅटलसारखी (बाभळीच्या कुळातली) परकी झाडं तोडून नदीचं पाणी वाढवण्यासाठी चालतो. वॅटलचं बी मातीत कित्येक वर्षं जिवंत पडून राहतं आणि आग लागली की एकदम उगवतं. एकदा तोडणी करून पुढच्या फेऱ्या चुकवल्या तर रान आधीपेक्षा दाट होतं. म्हणून तिथे पैशाचा क्रम उलटा लावावा लागतो: आधी जुन्या तोडलेल्या जागांची पुढची फेरी, मग उरलेल्या पैशात नवी जागा. नवे हेक्टर अहवालात शोभून दिसतात म्हणून हा क्रम मोडण्याचा मोह कायम असतो. हिशेब नीट बसला तर मात्र हे काम अतिशय स्वस्त पडतं. केपटाऊनला पाणी देणाऱ्या पाणलोटांसाठी २०१८ मध्ये मांडलेल्या आर्थिक आराखड्यात झाडं काढून मिळणाऱ्या पाण्याचा दर इतर पर्यायांच्या, म्हणजे समुद्राचं पाणी गोडं करण्यासारख्या योजनांच्या, साधारण दहाव्या हिश्श्यावर येत होता.

वेळेची किंमत

खर्च आज, लाभ पुढे. त्यामुळे वटाव दर कोणता धरला यावर अख्खा निकाल फिरतो. ५० वर्षांनी मिळणाऱ्या १०० च्या लाभाची आजची किंमत ७ टक्क्यांनी ३.४, ३ टक्क्यांनी २२.८ आणि १.४ टक्क्यांनी जवळपास ५०. जंगल तेच, माती तीच. ब्रिटनच्या ‘ग्रीन बुक’ या सरकारी मार्गदर्शिकेत पहिली ३० वर्षं ३.५ टक्के, मग ३ टक्के आणि पुढे आणखी कमी, असा उतरता दर आहे. दूरच्या काळात दर कोणता योग्य हेच अनिश्चित असेल तर सरासरीने तो उतरता निघतो, असं त्यामागचं गणित. माझ्या मते हळू वाढणाऱ्या परिसंस्थांसाठी हाच मार्ग शहाणपणाचा, पण एकच दर धरून निकाल कधीच देऊ नये. तीन दरांनी काढावा आणि क्रम बदलतो का ते पाहावं. क्रम बदलत नसेल तर दरावर भांडण्यात अर्थ नाही.

लाभ कधी सुरू होतो हेही नीट लिहावं लागतं. सगळे लाभ पहिल्या वर्षापासून पूर्ण धरणं ही नेहमीची लबाडी, बहुतेक वेळा नकळत झालेली. सावरलेल्या ६२१ पाणथळींचा आढावा २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शंभर वर्षांनंतरही त्यांची जैविक रचना मूळ पाणथळींपेक्षा सरासरी २६ टक्के आणि मातीत कार्बन साठवण्यासारखी जैव-रासायनिक कामं २३ टक्के कमी दिसली. म्हणून लाभाचा आलेख १०० वर नेऊन ठेवू नये. याचीच दुसरी बाजू अशी की असलेली पाणथळ वाचवणं हे बिघडवून पुन्हा उभी करण्यापेक्षा जवळपास नेहमीच स्वस्त पडतं. पाच जागांच्या यादीत ‘अजून न बिघडलेली’ सहावी जागा ठेवायला बहुतेक जण विसरतात.

लाभ पैशात आणायचा का?

गरज असेल तरच. दोन जागांमध्ये निवड करायची असेल आणि दोन्हींचा लाभ एकाच मापात बसत असेल, मग ते टन कार्बन असो, लिटर पाणी असो की अधिवासाचे गुण, तर पैशात आणण्याची जरूर नाही. पैसा लागतो तो वेगवेगळ्या प्रकारचे लाभ एकत्र करायचे असतील, किंवा धरण बांधायचं की पाणलोट सावरायचा असा मुळातच वेगळा पर्याय समोर असेल तेव्हा.

टाळलेल्या खर्चाची पद्धत इथे सर्वांना आवडते. न्यूयॉर्क शहराचं उदाहरण सगळीकडे दिलं जातं: १९९७ च्या करारानंतर शहराने कॅट्सकिल डोंगरातल्या पाणलोटावर सुमारे दीड अब्ज डॉलर खर्चायचं ठरवलं आणि ६ ते ८ अब्जांचं गाळण केंद्र टाळलं. उदाहरण चांगलं आहे, पण ते चालतं ते तीन अटी पुऱ्या होतात म्हणून. पाणलोट बिघडला असता तर नियमाने ते केंद्र खरंच बांधावं लागलं असतं. त्याहून स्वस्त पर्याय नव्हता. आणि दोन्हींतून मिळणारं पाणी जवळपास एकाच दर्जाचं. यातली एक अट सुटली की आकडा पोकळ. जिथे कोणीच काही बांधणार नव्हतं तिथे ‘एवढ्या कोटींचं केंद्र वाचलं’ म्हणण्यात दम नाही. शिवाय कॅट्सकिलमध्ये बरंचसं काम सांभाळण्याचं होतं, उजाड जमीन सावरण्याचं कमी, हे उदाहरण देणारे क्वचितच सांगतात.

दुसऱ्या देशातल्या अभ्यासातून ‘पाणथळीचे हेक्टरी इतके’ असा दर उचलून आपल्या हेक्टरांना लावणं हे सर्वांत सोपं आणि सर्वांत धोक्याचं. पूर अडवणाऱ्या पाणथळीची किंमत तिच्या खाली कोण राहतं यावर ठरते. खाली शहर असेल तर प्रचंड, निर्जन खाडी असेल तर जवळपास काही नाही. हेक्टर दोन्हीकडे सारखाच. २०१३ मध्ये निरनिराळ्या परिसंस्थांचं लाभ-खर्च गुणोत्तर एकत्र मांडलं गेलं, तेव्हा ते प्रवाळ आणि किनारी भागांतल्या वाईटात वाईट स्थितीत ०.०५ पासून गवताळ प्रदेशांच्या सर्वांत चांगल्या स्थितीत ३५ पर्यंत पसरलेलं निघालं. ‘सावरण्यात गुंतवलेला पैसा इतक्या पट परत येतो’ असं सरसकट वाक्य दिसलं की हा पसारा आठवावा.

दुहेरी मोजणीही सवयीने होते. परागीभवनाचा लाभ धरला आणि पिकाच्या वाढीव उत्पन्नाचाही धरला, तर एकच फायदा दोनदा आला. शेवटी माणसाच्या हाती जे पडतं तेवढंच मोजायचं. मजुरीचंही तसंच. ‘इतके रोजगार मिळाले’ हे लाभाच्या बाजूला लिहिलेलं असतं, पण मजुरी हा खर्च आहे. त्या माणसांना एरवी काम नसतं, तर खर्चाच्या बाजूला त्यांची मजुरी कमी दराने धरावी, हा बरोबर मार्ग. दोन्ही बाजूंना लिहिणं बरोबर नाही.

जमीन दुसऱ्याची असेल तर

संधी खर्च किती हे जमीनधारकाला माहीत असतं, योजना चालवणाऱ्याला नसतं. सरसकट दर जाहीर केला तर ज्याला कमीत भागलं असतं त्यालाही तेवढेच जातात. यावर उपाय म्हणून ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात २००१ च्या सुमारास ‘बुशटेंडर’ नावाचा लिलाव करून पाहिला. शेतकऱ्याने आपल्या रानात कुंपण घालण्यापासून तण काढण्यापर्यंत काय काय करणार ते सांगायचं आणि बंद पाकिटात आपली रक्कम लिहायची. जाणकार येऊन त्या कामातून मिळणाऱ्या जैवविविधतेचा गुणांक काढणार, त्याला रकमेने भागणार, आणि वरच्यापासून पैसे संपेपर्यंत करार करणार. प्रत्येकाला त्याने लिहिलेलीच रक्कम. सुमारे ४ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये जे मिळालं ते सरसकट दराने मिळवायला २७ लाख लागले असते, असा अंदाज योजनाकर्त्यांनी मांडला. त्यात लोकांनी पाकिटात खरा खर्चच लिहिला असं गृहीत आहे, त्यामुळे सातपट हा आकडा मी जरा हात राखूनच घेईन. दिशा मात्र बरोबर आहे.

लिलाव वारंवार केला की लोक शिकतात. अमेरिकेच्या ‘कॉन्झर्व्हेशन रिझर्व्ह प्रोग्रॅम’मध्ये, म्हणजे शेतजमीन लागवडीतून काढण्यासाठी शेतकऱ्यांना पैसे देणाऱ्या, १९८५ च्या कायद्याने सुरू झालेल्या योजनेत, सुरुवातीच्या फेऱ्यांत प्रत्येक भागासाठी कमाल दर असायचा. तो कितीला आहे हे दोन-तीन फेऱ्यांत सगळ्यांना कळलं आणि बोल्या तिथेच येऊन चिकटल्या. म्हणजे लिलाव नावालाच उरला. तेव्हा कमाल मर्यादा गुप्त ठेवा, फेऱ्यांमध्ये ती बदला, आणि बोली लावणाऱ्याला त्याचा गुणांक पूर्णपणे सांगू नका. आपलं रान एकमेव आहे हे कळलेला माणूस त्याची किंमत लावणारच, आणि त्यात त्याचं चुकतही नाही.

थोडं थोडं सगळ्यांना

पैसे समान वाटणं बैठकीत सर्वांत सोपं जातं. काही परिसंस्थांमध्ये ते चालूनही जातं: पहिल्या दहा टक्के कामाने खूप फायदा आणि पुढे घटत जाणारा, असा आलेख असेल तर पसरून काम करणंच बरोबर. पण जिथे उंबरठा आहे तिथे समान वाटणी म्हणजे सगळीकडे शून्य. ओढ्याचं पाणी विशिष्ट तापमानाच्या खाली आल्याशिवाय त्यातले थंड पाण्याचे मासे जगत नसतील, आणि त्यासाठी काठाच्या ७० टक्के लांबीवर सावली लागत असेल, तर पाच ओढ्यांवर २०-२० टक्के सावली करून एकही मासा वाचत नाही. सगळं एका ओढ्यावर लावलं तर एक ओढा तरी वाचतो. कुठला आलेख आहे हे आधी विचारायचं, वाटणी नंतर.

एकमेकांना लागून काम केलं तर खर्चही उतरतो. कुंपणाची लांबी कमी लागते, कडेचं तण कमी शिरतं, गाडी आणि माणसं एकाच ठिकाणी. ब्राझीलच्या अटलांटिक जंगलावरच्या २०१९ च्या अभ्यासात मोठ्या पट्ट्यांची ही बचत, प्रजातींचा लाभ आणि कार्बन असं सगळं एकत्र धरून जागा निवडल्या. नियोजनाविना केलेल्या निवडीच्या तुलनेत वाचणाऱ्या प्रजातींचा लाभ २५७ टक्क्यांनी वाढला आणि खर्च ५७ टक्क्यांनी, म्हणजे २८ अब्ज डॉलरनी, घटला. इतक्या जागांसाठी संगणकच हवा. पाच जागांना नको: पाच जागांचे ३२ संच होतात, कागदावर सगळे लिहून काढता येतात. ते लिहावेतच, कारण भागाकाराचा क्रम लावून वरून घेत गेलं तर शेवटी न बसणारा तुकडा उरतो आणि कधीकधी क्रम मोडणारा संचच जास्त देतो.

आता पुन्हा त्या पाच जागांकडे. निवड झाली इ, ई, उ आणि लाभ ७९. कोणता आकडा चुकला तर ही निवड बदलेल, ते पाहू. ‘अ’ची शक्यता ०.५ की ०.६५ यावर तासभर वाद घालता येईल, पण ‘अ’ जिंकायला ती ०.८८ च्या आसपास जावी लागते. वाळू उपसलेल्या काठावर ते होणे नाही, वाद बंद. ‘इ’ची शक्यता ०.८ ऐवजी ०.३ निघाली तरी ती यादीत राहते. नाजूक आकडा एकच आहे: ‘आ’ आपोआप किती सावरेल. तिथे ३० गुण आपोआप येतील हा अंदाज होता. ते २० पेक्षा कमी निघाले, तर ‘उ’ला बाहेर काढून ‘आ’ घेणं फायद्याचं ठरतं, शिवाय १० एकक हातात उरतात. म्हणून पाहणीचे पैसे पाचही जागांवर सारखे न वाटता ते ‘आ’च्या शेतात चौकोन आखून रोपं मोजण्यावर घालवावेत.

आणि ते या १०० मधून काढता येणार नाहीत. इ, ई, उ मिळून बरोबर १०० लागतात. पाहणीवर २ गेले तरी ‘उ’ बसत नाही आणि लाभ ७९ वरून ७० वर येतो, कारण ‘उ’च्या जागी ‘आ’ घ्यावी लागते, तिथे काहीही आढळलेलं असो. पाहणीचा खर्च मंजुरीच्या आधी, वेगळ्या रकान्यात मागून घ्यायचा.